शेतजमिनीचे मृत्युपत्र आणि मुलीचा हिस्सा : महाराष्ट्रातील वारसाहक्काचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

'वाटणी' हा शब्द मराठी ग्रामजीवनात शतकानुशतके रुळलेला आहे. भाऊबंदकी, वाटणीपत्र, वडीलपणाचा मान, सामाईक विहिरीतील पाण्याची पाळी या सर्वांचा उगम वाटणीत आहे. 'मृत्युपत्र' हा शब्द व त्यामागील कल्पना मात्र त्या मानाने नवी आहे. आपल्या पश्चात आपली जमीन कोणास मिळावी हे जमीनधारकाने एकट्याने ठरवावे आणि त्याच्या मृत्यूनंतर ती इच्छा कायद्याने अमलात यावी, ही कल्पना महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबात गेल्या सुमारे दीडशे वर्षांत रुजली. या काळात तिने बरेच सामाजिक कार्य केले. त्यातील काही कार्य पुरोगामी स्वरूपाचे होते, तर काही तसे नव्हते.

शेतकरी वडिलांनी मृत्युपत्र करून जमीन मुलांच्या नावे करावी, पत्नीला तहहयात पोटगी अथवा राहत्या घरात निवारा ठेवावा आणि मुलींच्या लग्नात पुष्कळ खर्च झाला असल्याने त्यांना काही देणे उरलेले नाही असे नमूद करावे, हा मायना ग्रामीण भागात काम करणाऱ्या कोणाही वकिलास अथवा दस्तलेखकास परिचयाचा आहे. अशा मृत्युपत्राकडे सामान्यतः एका कुटुंबाचा खाजगी निर्णय म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यामागे कायद्याचा एक दीर्घ इतिहास उभा आहे. त्या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, मृत्युपत्राचा अधिकार महाराष्ट्रातील हिंदू शेतकऱ्यास कोणत्या टप्प्यांनी प्राप्त झाला हे पाहणे. दुसरे, १९५६, १९९४ व २००५ च्या कायद्यांनी मुलीला दिलेला हिस्सा आणि वडिलांचा मृत्युपत्राचा अधिकार यांचा परस्परसंबंध तपासणे. तिसरे, जमिनीचे तुकडे होतील या कारणास्तव मुलीला वगळण्याचे जे समर्थन केले जाते, त्याची ऐतिहासिक चिकित्सा करणे. विवेचन हिंदू वारसाकायद्यापुरते मर्यादित आहे. गोव्याचा विचार केवळ तुलनेसाठी केला आहे.

१. मृत्युपत्रावाचूनची परंपरा

याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही विज्ञानेश्वराची टीका कल्याणीच्या चालुक्य नृपती सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, अकराव्या शतकाच्या अखेरीस अथवा बाराव्याच्या आरंभी लिहिली गेली. बंगाल वगळता भारताच्या बहुतेक भागात, आणि महाराष्ट्रात विशेषतः, दायविभागाच्या बाबतीत हाच ग्रंथ प्रमाण मानला गेला. पश्चिम भारतात त्याच्या जोडीला सतराव्या शतकातील नीलकंठभट्टाचा 'व्यवहारमयूख' होता. मिताक्षरेचा गाभा जन्मस्वत्वाचा आहे. वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क वडिलांच्या मृत्यूने नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या जन्माने निर्माण होतो. अशा हक्कदारास पुढे कायद्याच्या परिभाषेत 'सहदायाद' म्हटले गेले.

या तत्त्वाचा एक परिणाम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. वडिलार्जित जमिनीचा पिता हा एकटा मालक नाही. तो सहदायादांपैकी एक आहे. जी जमीन त्याची एकट्याची नाही, ती मृत्यूनंतर कोणास द्यावी हे ठरविण्याचा अधिकारही त्याचा एकट्याचा असू शकत नाही. त्यामुळे धर्मशास्त्रात विभाग, दान, दत्तक यांचे सविस्तर विवेचन आढळते. मृत्युपत्राला समांतर अशी स्वतंत्र संस्था मात्र आढळत नाही. मुलीला जन्मस्वत्व नव्हते. तिला स्त्रीधन होते, विवाहाचा खर्च होता, आणि पित्याच्या विभक्त मालमत्तेत पुत्र व विधवा नसल्यास वारसाहक्क होता. मुंबई इलाख्यात प्रचलित असलेल्या शाखेत अशी मुलगी ती मालमत्ता पूर्ण मालकीने घेत असे, हे येथील एक वैशिष्ट्य होय.

मराठेकालीन व्यवहारही याच चौकटीतला होता. वतन व मिरास हे वंशपरंपरागत हक्क होते. दख्खनच्या गावांत मिरासी जमीन थळ व जथा अशा भाऊबंदांच्या गटांशी बांधलेली असे आणि सरकारधाऱ्याची जबाबदारीही त्या गटावर येई. वतनाचा तंटा उद्भवल्यास गोतसभा बसे, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर तयार होई. वाटणी झाली तरी वडीलपणाचा मान थोरल्या शाखेकडे राही. अशा व्यवस्थेत जमिनीचे भवितव्य भाऊबंद व गोत यांच्या साक्षीने, हयातीत आणि उघडपणे ठरत असे. एका व्यक्तीची मरणोत्तर इच्छा हा त्या व्यवस्थेचा आधार नव्हता.

२. इंग्रजी अमदानी : खातेदार आणि त्याची इच्छा

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ चे विनियम अस्तित्वात आले. त्यांपैकी चौथ्या विनियमाने, स्पष्ट कायदा नसेल तेथे देशाच्या रूढीस महत्त्वाचे स्थान दिले. याच वर्षी आर्थर स्टील याचे दख्खनमधील हिंदू जातींच्या कायदा व रूढींचे संकलन प्रसिद्ध झाले. म्हणजे वारसाच्या बाबतीत नव्या सरकारचे घोषित धोरण जुने ते राखण्याचे होते. जमीनमहसुलाच्या बाबतीत मात्र मोठे परिवर्तन घडले. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी मोजणी व धारानिश्चिती सुरू केली. ही पद्धती पुढे इलाखाभर पसरली. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला, आणि त्या नंबरापुढे एका खातेदाराचे नाव आले. १८७९ च्या जमीन महसूल संहितेने ही व्यवस्था पक्की केली, आणि १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्याने जमिनीवरील हक्कांच्या नोंदीचा पाया घातला. आजच्या सातबाराचे मूळ या प्रवासात आहे.

धर्मशास्त्रानुसार जमीन कुटुंबाची होती, पण दप्तरात ती नावापुढे लागली. कायद्याने खातेदार हा कुटुंबाचा कर्ता असला तरी व्यवहारात 'ज्याच्या नावावर जमीन, तो मालक' ही समजूत दृढ होत गेली. मृत्युपत्राच्या कल्पनेस लागणारी वैयक्तिक मालकीची मानसिकता या दप्तराने तयार केली, असे म्हणण्यास आधार आहे.

दुसरीकडे न्यायालये हिंदूंच्या मृत्युपत्रास तात्त्विक अधिष्ठान देत होती. त्यांचा युक्तिवाद असा की, जे हयातीत दान करता येते ते मृत्यूनंतर अमलात येणाऱ्या दानाने, म्हणजे मृत्युपत्राने, देता यावे. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बंगालमधील टागोर कुटुंबाच्या खटल्यात हिंदूच्या या अधिकाराची तत्त्वे व मर्यादा स्पष्ट केल्या. तत्पूर्वी १८७० मध्ये हिंदू मृत्युपत्र अधिनियम संमत झाला होता. पण तो बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अखत्यारीतील प्रदेशास आणि मद्रास व मुंबई या शहरांपुरता लागू होता. पुणे, सातारा, नाशिक, खानदेश येथील शेतकऱ्यास त्यातील औपचारिकता लागू नव्हत्या; तेथे तोंडी मृत्युपत्रही चालू शकत असे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये पुढे झालेल्या तरतुदीनुसार १ जानेवारी १९२७ पासून केलेल्या सर्व हिंदू मृत्युपत्रांस लेखन, स्वाक्षरी अथवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक ठरले. नोंदणी मात्र तेव्हाही ऐच्छिक होती व पुढेही ऐच्छिकच राहिली.

मिताक्षरेची मर्यादा न्यायालयांनी या काळात मोडली नाही. १८८० मध्ये मुंबई इलाख्यातून गेलेल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, एकत्र कुटुंबातील सहदायादास आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नाही. मृत्यूच्या क्षणी तो हिस्सा उरलेल्या सहदायादांकडे जातो, मग मृत्युपत्राने देण्यास काही उरत नाही. याचा अर्थ, वडिलार्जित शेती करणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांना मृत्युपत्राचा अधिकार नाममात्र होता. तो अधिकार होता विभक्त झालेल्यांस, निपुत्रिकांस आणि स्वकष्टार्जित मालमत्ता असणाऱ्यांस.

या मर्यादित क्षेत्रातही मृत्युपत्र हे परंपरेविरुद्धचे साधन ठरू शकते, याचे ठळक उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे आहे. शेती व ठेकेदारी करणाऱ्या जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र केले व त्याच वर्षीच्या १० जुलै रोजी ते नोंदविले. आपल्या मागे पत्नी सावित्रीबाई व दत्तकपुत्र यशवंत यांची व्यवस्था त्यांनी त्यात लावली. यशवंत नालायक निघाल्यास वारसा अन्य लायक मुलास मिळावा, अशी अटही घातली. अंत्यविधी ब्राह्मण पुरोहितावाचून व्हावा, हाही त्यातील आशय आहे. रक्तसंबंधातील भाऊबंदांचा दावा दूर सारून पत्नी व दत्तकपुत्राचे स्थान भक्कम करण्यासाठी जोतीरावांनी मृत्युपत्राचा आधार घेतला. मृत्युपत्र स्वभावतः स्त्रीविरोधी साधन आहे, असे म्हणूनच म्हणता येत नाही. त्याचा उपयोग कोण, कोणासाठी करतो हे महत्त्वाचे असते.

३. १९५६ : एका हाताने दिलेले

स्त्रियांच्या वारसाहक्काची चळवळ विसाव्या शतकात जोर धरू लागली. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेस मर्यादित हक्क दिला, पण शेतजमीन हा प्रांतिक विषय असल्याने तो कायदा शेतजमिनीस लागू होत नाही, असे १९४१ मध्ये फेडरल न्यायालयाने ठरविले. याच वर्षी बी. एन. राव समिती नेमली गेली. तिच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालील हिंदू कोड बिलात तो समान करण्यात आला आणि सहदायादांचे जन्मस्वत्वच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. विधेयक रखडल्यानंतर सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हा इतिहास सुपरिचित आहे.

पुढे हरिभाऊ पाटसकर यांनी संसदेत पुढे नेलेला हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ पासून अमलात आला. मुलगी प्रथमच मुलाबरोबरीने प्रथम वर्गातील वारस झाली. तथापि कलम ६ ने मिताक्षरेची सहदायकी कायम ठेवली आणि मुलीला तिच्याबाहेर ठेवले. याच अधिनियमाच्या कलम ३० च्या स्पष्टीकरणाने एक मूलगामी बदल केला : सहदायकीतील आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देण्याचा अधिकार हिंदू पुरुषास प्राप्त झाला. १८८० च्या निर्णयाने जे अशक्य ठरविले होते ते १९५६ ने शक्य केले. ज्या कायद्याने मुलीला वारस केले, त्याच कायद्याने तिला वगळण्याचे साधनही वडिलांच्या हाती दिले.

याचा प्रत्यक्ष परिणाम समजून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निकालात काढलेला महाराष्ट्रातील मगदूम खटला उपयुक्त आहे. त्यातील कुटुंबप्रमुख १९६० मध्ये मृत्युपत्र न करता निवर्तले. मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली होत्या. न्यायालयाने मृत्यूपूर्व क्षणी कल्पित वाटणी झाली असे मानले. पिता, माता व दोन मुलगे यांस प्रत्येकी एकचतुर्थांश; आणि पित्याचा एकचतुर्थांश सहा वारसांत समान, म्हणजे प्रत्येकी एकचोविसांश. मातेचा हिस्सा सातचोविसांश ठरला.

हेच प्रमाण विवेचनाच्या सोयीसाठी २४ एकर वडिलार्जित जमिनीस लावून पाहू. माता ७ एकर, प्रत्येक मुलगा ७ एकर, प्रत्येक मुलगी १ एकर. समान वारस म्हणविणाऱ्या मुलीच्या वाट्याला भावाच्या सातव्या हिश्श्याइतकी जमीन आली. आता समजा, याच पित्याने मृत्युपत्राने आपला हिस्सा दोन्ही मुलांस दिला असता, तर त्याचे ६ एकर मुलांत विभागले जाऊन प्रत्येक मुलास ९ एकर मिळाले असते, मातेकडे तिचे स्वतःचे ६ एकर राहिले असते आणि तिन्ही मुलींच्या हाती काहीही आले नसते. १९५६ च्या कायद्याखाली मुलीचा वडिलार्जित शेतीतील संपूर्ण हक्क पित्याच्या एका हिश्श्यावर अवलंबून होता, आणि तो हिस्सा एका दस्ताने नाहीसा करता येत होता.

अवलंबून असलेल्या विधवेस व अविवाहित मुलीस मृताच्या मालमत्तेतून निर्वाहाची मागणी करण्याची तरतूद १९५६ च्याच दत्तक व निर्वाह अधिनियमात होती. पण निर्वाह म्हणजे मालकी नव्हे. विवाहित, सुस्थितीतील मुलीस तर तोही आधार नव्हता.

४. १९९४ आणि २००५ : जन्मस्वत्वाचा नवा अर्थ

या विषमतेवर राज्यांनी दोन भिन्न उपाय योजले. केरळने १९७५ च्या कायद्याने जन्मस्वत्व व एकत्र कुटुंबाची मालमत्ता हीच संकल्पना रद्द केली. आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये, तमिळनाडूने १९८९ मध्ये आणि महाराष्ट्र व कर्नाटकाने १९९४ मध्ये जन्मस्वत्व ठेवले आणि त्यात मुलीला सामावून घेतले. महाराष्ट्रातील सुधारणा २२ जून १९९४ पासून लागू झाली. तत्पूर्वी विवाह झालेल्या मुली मात्र तिच्याबाहेर राहिल्या. केंद्रीय सुधारणेने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित हा भेद पुसून सर्व मुलींना जन्मतः सहदायाद केले. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटण्या व व्यवहार तेवढे सुरक्षित ठेवले. पिता २००५ मध्ये हयात असणे आवश्यक आहे काय, या प्रश्नावरील मतभिन्नता सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यातील निकालाने, 'आवश्यक नाही' असे सांगून, संपविली.

वरील २४ एकरांना २००५ नंतरचा कायदा लावला तर चित्र असे दिसते. कल्पित वाटणीत पिता, माता व पाच अपत्ये असे सात हिस्से. पित्याचा हिस्सा सहा वारसांत गेल्यावर प्रत्येकास बरोबर ४ एकर. पित्याने आपला हिस्सा मृत्युपत्राने मुलांस दिला, तरी प्रत्येक मुलीकडे तिचा स्वतःचा सातवा हिस्सा, म्हणजे सुमारे ३ एकर १७ गुंठे, राहतोच. तो वडिलांनी दिलेला नाही, म्हणून त्यांच्या मृत्युपत्राने काढूनही घेता येत नाही.

येथे या इतिहासातील एक विरोधाभास लक्षात येतो. ज्या जन्मस्वत्वाच्या तत्त्वाने शतकानुशतके मुलीला शेतीबाहेर ठेवले, तेच तत्त्व तिच्यापर्यंत विस्तारताच तिचे सर्वांत भक्कम संरक्षण ठरले. याउलट जन्मस्वत्व रद्द करण्याचा मार्ग तत्त्वतः अधिक आधुनिक असला, तरी त्यात पिता पूर्ण मालक होतो आणि त्याच्या मृत्युपत्रास अटकाव राहत नाही. वारसाहक्क हा कोणी मरेपर्यंत केवळ अपेक्षा असतो. जन्मस्वत्व हा हक्क असतो. मृत्युपत्र अपेक्षा मोडू शकते, हक्क मोडू शकत नाही.

परंतु या संरक्षणाचे क्षेत्र आकुंचित होत आहे, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. १९८६ च्या चंदर सेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, १९५६ नंतर कलम ८ अन्वये वडिलांकडून मुलास मिळालेली मालमत्ता ही त्याच्या स्वतःच्या अपत्यांच्या संदर्भात त्याची स्वतंत्र मालमत्ता होय. याचा परिणाम असा की, आजोबांची म्हणून 'वडिलार्जित' समजली जाणारी बरीच जमीन कायद्याच्या दृष्टीने सहदायकीची राहत नाही. खरेदी केलेली जमीन तर स्वकष्टार्जितच. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळाच्या मालकीची झालेली जमीन त्या एकट्याची की कुटुंबाची, हाही वादाचा मुद्दा ठरत आला आहे. या स्वतंत्र जमिनींवर कलम ३० चा अधिकार अनिर्बंध आहे. २००५ च्या सुधारणेने त्या कलमात स्त्रीच्या मृत्युपत्राचा स्पष्ट उल्लेख आणला. अधिकाराची व्याप्ती कमी केली नाही. २४ एकर स्वतंत्र मालकीचे असतील, तर मृत्युपत्राअभावी मुलीस ४ एकर आणि मृत्युपत्र असल्यास शून्य, ही स्थिती कायम आहे.

५. दस्त ते सातबारा : व्यवहाराची बाजू

कायद्यातील हक्क आणि दप्तरातील नोंद यांत अंतर असते. खातेदाराच्या मृत्यूनंतर गावपातळीवरील महसूल अधिकाऱ्याकडे वर्दी दिली जाते, फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांस नोटीस जाते आणि हरकत नसल्यास नोंद प्रमाणित होते. मृत्युपत्र हजर केल्यास मुलींनाही नोटीस मिळावयास हवी. पण सासरी गेलेली मुलगी नोटीस घेईल, मुदतीत हरकत देईल आणि भावाविरुद्ध उभी राहील, हे सामाजिकदृष्ट्या सोपे नाही. फेरफाराने मालकी ठरत नाही, तिचा निर्णय दिवाणी न्यायालयातच होतो, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तथापि महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, आणि तो पुरावा आणण्याचा भार व्यवहारात बहिणीवर पडतो.

मृत्युपत्राच्या सत्यतेबाबत न्यायालयांची भूमिका १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यातील निर्णयाने घडविली. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. अंथरुणाला खिळलेला वृद्ध पिता, सर्व व्यवस्था पाहणारा लाभार्थी मुलगा, एकाएकी केलेला दस्त या बाबी न्यायालय तपासते. परंतु नैसर्गिक वारसास वगळले एवढ्यावरून मृत्युपत्र संशयास्पद ठरत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले आहे. कारण वारसाचा सामान्य क्रम बदलणे हाच मृत्युपत्राचा हेतू असतो. तर्कदृष्ट्या हे निर्दोष आहे. त्याचा सामाजिक अर्थ मात्र असा होतो की, मुलीला वगळणे ही कायद्याच्या नजरेत खटकणारी बाब उरत नाही.

मृत्युपत्र नसेल तेथे हेच कार्य हक्कसोडपत्र करते. बहिणीने 'स्वखुशीने' हक्क सोडावा आणि माहेरची वाट मोकळी ठेवावी, असा हा अलिखित करार असतो. मृत्युपत्रात निर्णय पित्याचा असतो, हक्कसोडपत्रात तो बहिणीच्या सहीने होतो. शेवटी सातबारावरील नावे मात्र सारखीच राहतात.

६. तुकड्यांचा युक्तिवाद

मुलीला जमीन न देण्याचे जे सर्वांत प्रतिष्ठित कारण सांगितले जाते ते जमिनीच्या तुकडीकरणाचे. हा युक्तिवाद जुना आहे. डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाच्या अभ्यासात सरासरी धारणा १७७१ मधील ४० एकरांवरून १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे दाखविले. तुकडेबंदीचा १९४७ चा मुंबई कायदा याच चिंतेतून आला. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर झाली. चिंता अर्थातच खोटी नाही.

परंतु या आकडेवारीतून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. मान यांनी नोंदविलेली घट ज्या काळातील आहे, त्या काळात मुलींना वडिलार्जित शेतीत हिस्साच नव्हता. ती जमीन भावाभावांत विभागली गेली होती. १९७१ नंतरच्या घटीचाही मोठा काळ १९९४ पूर्वीचा आहे. तुकडीकरणाचे खापर मुलीच्या माथी फोडण्यास इतिहासाचा आधार नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान धारणांवरील आपल्या निबंधात दाखवून दिले होते की, रोगाचे मूळ वारसाकायद्यात नसून शेतीवर पडणाऱ्या अतिरिक्त लोकसंख्येच्या भारात आहे, आणि त्यावरील उपाय औद्योगिकीकरण हा आहे. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणांविषयीच्या विधेयकास त्यांनी याच भूमिकेतून विरोध केला. शिवाय हक्काची वाटणी आणि वहिवाटीचे तुकडे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सातबारावर सामाईक नावे राहून जमीन एकत्र कसता येते. भावाभावांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तेच बहिणीबाबत अशक्य का मानावे, याचे उत्तर शेतीशास्त्रात सापडत नाही.

शेतकऱ्यांतूनच पुढे आलेला एक वेगळा प्रयत्न येथे नोंदविणे अगत्याचे आहे. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवड येथे महिलांचे अधिवेशन भरविले आणि १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रम हाती घेतला. पतीने हयातीतच जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, असे आवाहन त्यात होते. मालकी हयातीत, उघडपणे आणि गावाच्या साक्षीने देण्याची ही कल्पना मृत्युपत्राच्या खाजगी, मरणोत्तर स्वरूपाच्या नेमकी उलट आहे. तिच्यात मुलीचा नव्हे, पत्नीचा विचार होता ही तिची मर्यादा. पण जमीन स्त्रीच्या नावे झाल्याने शेती मोडत नाही, हे तिने शेतकऱ्याच्याच भाषेत सांगितले.

७. शेजारचा धडा : गोवा

मृत्युपत्राचा अधिकार अनिर्बंधच असला पाहिजे, असे नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वारसांच्या संमतीवाचून एकतृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून अपत्यांसाठी राखीव हिस्सा आहे, आणि गोवा विधानसभेच्या २०१२ च्या उत्तराधिकारविषयक कायद्यानेही तो चालू ठेवला. मालमत्तेचा अर्धा भाग अपत्यादी वारसांसाठी राखीव असतो, तो मुलगा-मुलगी असा भेद न करता. मृत्युपत्र चालते ते उरलेल्या अर्ध्यावर. शिवाय विवाहाबरोबर पतिपत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक होत असल्याने, पतीचा अधिकार त्याच्या स्वतःच्या अर्ध्यापुरताच असतो. सीमेच्या अलीकडे व पलीकडे शेती, भाषा आणि कुटुंबरचना यांत फार अंतर नाही. मुलीला मृत्युपत्राने पूर्णतः वगळता येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र सीमा ओलांडताच बदलते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मृत्युपत्र ही महाराष्ट्रातील शेतकरी समाजाची पूर्वापार संस्था नव्हे. रयतवारी दप्तराने रुजविलेली वैयक्तिक मालकी, एकोणिसाव्या शतकातील न्यायनिर्णय आणि १९५६ चा कायदा यांतून ती घडली. म्हणून मुलींना वगळणारे मृत्युपत्र हे परंपरेचे पालन आहे, असे म्हणता येत नाही.

२. १९५६ च्या कायद्यात मुलीचा वारसाहक्क आणि पित्याचा मृत्युपत्राचा विस्तारित अधिकार एकाच वेळी आले. दुसऱ्याने पहिल्याचा प्रभाव बऱ्याच अंशी निष्फळ करण्याची शक्यता त्या रचनेतच होती.

३. १९९४ व २००५ च्या सुधारणांनी मुलीला दिलेले जन्मस्वत्व हे मृत्युपत्राविरुद्धचे खरे संरक्षण आहे. पण ते केवळ सहदायकीच्या मालमत्तेपुरते आहे आणि अशा मालमत्तेचे क्षेत्र घटत आहे.

४. तुकडीकरणाचा युक्तिवाद ऐतिहासिक पुराव्यावर टिकत नाही.

५. राखीव हिश्श्याचे तत्त्व भारतीय भूमीवर दीर्घकाळ व्यवहारात आहे. स्वतंत्र मालकीच्या शेतजमिनीबाबत त्याचा विचार महाराष्ट्रात व्हावयास हवा.

जोतीरावांनी मृत्युपत्राच्या आधारे पत्नीचे व दत्तकपुत्राचे स्थान राखले, आणि पुढील काळातील अनेक शेतकरी पित्यांनी त्याच साधनाने मुलीचे स्थान पुसले. साधनाचा दोष नाही असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ज्या समाजात निर्णय घेणारा बहुधा पुरुष, लाभार्थी बहुधा मुलगा आणि मौन बाळगणारी बहुधा मुलगी असते, तेथे अनिर्बंध स्वातंत्र्य कोणाच्या बाजूने झुकते हे वेगळे सांगावयास नको. आपल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या शेतकरी कुटुंबांतील मुलींना समतेची कलमे पाठ असतात. घरच्या सातबारावर आपले नाव का नाही, हे मात्र त्यांना क्वचितच ठाऊक असते. इतिहासाच्या वर्गात हा सातबारा उघडण्यास हरकत नसावी.